कारखान्याचे घड्याळ आणि पहाटेची हवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कारखान्यांच्या गावाभोवती मोकळे रान असले की तिथली हवा आपोआप स्वच्छ राहते, असा समज फार खोलवर रुजला आहे. नव्या कारखान्याला जागा देताना, त्याच्याजवळ घरे बांधताना आणि धुराची तक्रार निकाली काढतानाही एकच वाक्य ऐकू येते: चहूकडे माळच आहे, धूर उडून जाईल. बॉयलर, धूळसंकलन आणि सांडपाणी या विभागांत तिन्ही पाळ्यांत काम करणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत, कारण हा समज दुपारपुरता खरा आणि रात्रीपुरता नेमका उलटा आहे. उघडे रान रात्री धूर उडवत नाही, दाबून धरते. म्हणून जास्त धूर, धूळ किंवा वास सोडणारी कामे कोणत्या वेळी करायची हे पाळीच्या सोयीवर न ठरता हवेच्या स्थितीवर ठरावे, एवढीच आमची मागणी आहे. तिच्यामागचे कारण थोडे सविस्तर सांगावे लागेल.

दिवसा ऊन जमिनीला तापवते, जमीन तिच्यालगतच्या हवेला तापवते आणि ती हलकी झालेली हवा वर चढते. वरची थंड हवा खाली येते. ही घुसळण उन्हाच्या दुपारी एक-दोन किलोमीटर उंचीपर्यंत पोचते आणि चिमणीतला धूर तेवढ्या मोठ्या पिंपात कालवला जातो. सूर्य मावळला की चित्र पालटते. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर जमीन आपली उष्णता सरळ आकाशाकडे टाकू लागते आणि झपाट्याने गार होते. तिला चिकटलेली हवाही गार होते, पण काही दहा मीटरांवरची हवा अजून उबदारच असते. एरवी उंच जावे तशी हवा थंड होत जाते, सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंश. इथे खाली थंड आणि वर उबदार अशी उलटी रचना तयार होते. भूगोलाच्या पुस्तकात तिला तापमानाची विपरीतता म्हणतात. थंड हवा जड असल्यामुळे ती वर उठत नाही आणि घुसळण थांबते. पहाटेपर्यंत या थराची जाडी काही दहा मीटरांपासून दोन-तीनशे मीटरांपर्यंत वाढते. पिंपाची खोली दीड किलोमीटरवरून शंभर मीटरवर आली, हे लक्षात घेतले की बाकीचा हिशेब कुणालाही करता येईल.

यात मोकळ्या रानाचा वाटा मोठा आहे. दगड, काँक्रीट आणि डांबर दिवसाची ऊब रात्रभर थोडी थोडी सोडत राहतात. नांगरलेले कोरडे शेत किंवा गवताळ माळ मात्र सूर्यास्तानंतर तासाभरातच गार पडू लागतो. त्यामुळे विपरीततेचा थर आधी रानात बसतो आणि तिथेच तो सर्वांत घट्ट असतो. गाव मात्र किंचित उबदार राहते, आणि वारा नसेल तेव्हा रानातली गार हवा अगदी सावकाश गावाकडे सरकू लागते. कारखाने बहुधा गावाच्या कडेला असतात, म्हणजे या सरकणाऱ्या हवेच्या वाटेवरच. जवळ टेकडी असेल तर तिच्या उतारावरून गार हवा पाण्यासारखी खाली वाहते, ओढ्याच्या पात्रातून पुढे जाते आणि सखल भागात साचते. त्या वाटेवर जमिनीलगत जे काही सुटलेले असेल ते सगळे तिच्याबरोबर येते.

उंच चिमणीचा धूर रात्री कुठे जातो हा प्रश्न स्वाभाविक आहे. तो थरात अडकतो आणि पातळ फितीसारखा आडवा पसरत कित्येक किलोमीटर जातो. खाली उतरत नाही, म्हणून रात्री फारसा जाणवतही नाही. खरा त्रास सूर्योदयानंतर होतो. ऊन पडले की घुसळण जमिनीपासून सुरू होऊन वर वर चढू लागते. तिची वरची कड रात्रभर साठलेल्या फितीला भिडली की सगळा साठा एकदम खाली ओढला जातो. हे बहुधा सूर्योदयानंतर एक ते तीन तासांत घडते आणि अर्धा-पाऊण तास टिकते. शाळेची मुले रस्त्यावर असण्याची, पाळी बदलण्याची आणि शेतकरी पिकात उभा असण्याची हीच वेळ. दहा-अकरा वाजता तपासनीस येतो तेव्हा हवा पुन्हा मोकळी झालेली असते. तक्रारदार खोटे बोलला असे ठरते. प्रत्यक्षात दोघेही खरेच बोलत असतात.

हे ज्ञान नवे नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ट्रेल हे शिसे-जस्त वितळवणाऱ्या कारखान्याचे गाव कोलंबिया नदीच्या खोऱ्यात आहे. तिथून अमेरिकेची सरहद्द सरळ रेषेत सुमारे अकरा किलोमीटर. १९२५ आणि १९२७ मध्ये तिथे ४०९ फूट उंचीच्या दोन चिमण्या उभ्या केल्या, तरीही खोऱ्यातून गंधकाचा धूर सरहद्दीपलीकडच्या वॉशिंग्टन राज्यातल्या शेतांवर आणि जंगलांवर जातच राहिला. वाद दोन देशांच्या लवादापुढे गेला आणि १९४१ मध्ये अंतिम निवाडा झाला. कायद्याच्या पुस्तकात तो एका देशाने दुसऱ्याच्या भूमीला इजा करू नये या तत्त्वासाठी शिकवतात. आमच्या कामाच्या लोकांना त्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. लवादाने कारखाना बंद केला नाही. त्याने उत्सर्जनाला वेळापत्रक लावले: पिकांच्या वाढीचा हंगाम आहे की नाही, दिवसाची वेळ कोणती, वारा कुठून आहे आणि हवेत घुसळण किती आहे, यावर तासाला किती गंधक सोडायचे ते ठरवून दिले, आणि हे सगळे मोजण्याची उपकरणे बसवून नोंद ठेवणे बंधनकारक केले. सकाळी साठलेला धूर एकदम खाली येतो ही गोष्टही त्या खोऱ्यातल्या मोजमापांतूनच नीट समजली. आठ दशकांपूर्वी, संगणकाशिवाय, हे चालवता आले.

असे न केल्यास काय होते त्याचे उदाहरण सात वर्षांनी पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा या गावी दिसले. सुमारे चौदा हजार वस्तीचे हे गाव नदीच्या वळणात, टेकड्यांच्या कुशीत वसलेले, आणि काठाने पोलाद व जस्ताचे कारखाने. १९४८ च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात विपरीततेचा थर दिवसासुद्धा न फुटता सलग काही दिवस बसून राहिला. कारखाने रोजच्यासारखे चालू राहिले. वीस माणसे दगावली आणि हजारो आजारी पडली. जस्ताचा कारखाना ३१ तारखेच्या सकाळी थांबवला गेला आणि त्याच सुमारास पाऊस आल्यावर हवा मोकळी झाली. त्या दिवसांत चिमण्यांतून नेहमीपेक्षा काही वेगळे बाहेर पडले नव्हते. बदलली होती ती फक्त हवा.

आता कारखान्याच्या आतली बाजू. बॉयलर स्थिर चालू असतो तेव्हा त्याचा धूर त्यातल्या त्यात कमी असतो. जास्त धूर सुटतो तो ठरावीक कामांच्या वेळी. थंड बॉयलर पेटवताना भट्टीच्या भिंती गार असतात, इंधन अर्धवट जळते आणि काजळी सुटते. त्याच वेळी स्थिरविद्युत धूळसंकलक, म्हणजे विजेच्या भाराने धूळ ओढून घेणारे यंत्र, चालू करता येत नाही, कारण न जळलेल्या वायूत ठिणगी पडली तर स्फोटाची भीती असते. पिशव्यांचा गाळकही सुरुवातीला वळसा देऊन ठेवावा लागतो. धुरातले आम्ल सुमारे १२० ते १५० अंश सेल्सियसच्या खाली द्रवरूप होते, आणि तापमान त्याच्यावर जाण्याआधी धूर पिशव्यांतून सोडला तर त्या ओल्या होऊन चिकटतात व कुजतात. म्हणजे सर्वांत घाण धूर आणि सर्वांत कमी गाळणी एकाच वेळी येतात. दुसरे काम नळ्यांवरची काजळी वाफेच्या झोताने झाडण्याचे. ते पाळीतून एकदा होते आणि बहुतेक ठिकाणी पाळी संपता संपता उरकले जाते, म्हणजे पहाटे पाच-साडेपाचला. राखेचे बंकर रिकामे करणे, टाक्यांतली वाफ बाहेर काढणे, धूर पाण्याने धुणाऱ्या यंत्राची तोटी तुंबली म्हणून ते थोडा वेळ बंद ठेवून साफ करणे, हीही त्याच जातीची कामे.

ही कामे रात्री का होतात? बहुतेक वेळा दुष्टपणाने नाही. रात्री उत्पादनाचा भार कमी असतो, विजेची मागणी कमी असते, आवारात गाड्यांची वर्दळ नसते आणि सकाळच्या पाळीला यंत्र तयार हवे असते. लपवण्याचा हेतू असतो तिथे तो असतो, पण सवय हे जास्त मोठे कारण आहे. त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. पहाटे तीन ते पाच ही माणसाच्या शरीराची सर्वांत मंद वेळ. रात्रपाळीवाल्याचे लक्ष याच वेळी सर्वांत कमी असते, आकडा चुकीचा वाचला जातो, झडप अर्धी उघडी राहते. हवा सर्वांत घट्ट आणि माणूस सर्वांत थकलेला असताना घाण काम काढणे, याचे समर्थन कशानेच करता येणार नाही.

म्हणून अशी ठरवून करता येणारी कामे सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत घ्यावीत. हिवाळ्यात थर उशिरा फुटतो, तेव्हा साडेअकरा-बारा धरावेत. बॉयलर पेटवायचाच असेल तर धुराचा सर्वांत वाईट तास दुपारी येईल अशा बेताने मागे मोजत सुरुवात करावी. पाळीप्रमुखाला वरिष्ठांना न विचारता असे काम पुढे ढकलण्याचा लेखी अधिकार असावा. रात्री दोन वाजता कोणाला उठवायचे या संकोचानेच पुष्कळ कामे 'करून टाकली' जातात. अपवादही स्पष्ट हवा: सुरक्षा झडप उघडणे, जादा वायू जाळून टाकण्यासाठी ज्योतीकडे वळवणे, यंत्र तातडीने थांबवणे ही कामे कोणत्याही हवेत, कोणत्याही क्षणी झालीच पाहिजेत. हवा वाईट आहे म्हणून दाब रोखून धरणारा माणूस गावाचे भले करत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हीच सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला सांगायला नको. वेळ बदलल्याने एकूण धूर कमी होत नाही. तो फक्त जास्त हवेत मिसळतो. फाटलेल्या पिशव्या बदलायच्या ऐवजी दुपारची वेळ पुढे करणे, ही उंच चिमणीइतकीच जुनी पळवाट आहे. चिमणीची उंचीही शेजारची इमारत पाहून ठरते. चिमणी जवळच्या इमारतीच्या सुमारे अडीच पट उंच नसेल, तर वारा असतानाही इमारतीमागच्या भोवऱ्यात धूर खेचला जाऊन जमिनीवर येतो. नंतर शेजारी उंच शेड बांधली आणि चिमणी तेवढीच राहिली, तर परवानगीच्या कागदावरचे गणित रद्द झाले असे समजावे.

जमिनीलगतच्या स्रोतांना तर उंच चिमणीचाही आधार नाही. उघडा कोळसा, चुनखडीचे ढीग, कच्च्या रस्त्यावरच्या गाड्या, टाक्यांची तोंडे आणि सांडपाण्याची तळी रात्रभर थराच्या तळाशीच सोडत राहतात. सांडपाण्याचे उदाहरण घ्या. हवा मारण्याच्या टाकीत विरघळलेला प्राणवायू लिटरला एक ते दोन मिलिग्रॅम तरी राहिला पाहिजे. रात्री वीज वाचवायला हवा मारणारी यंत्रे बंद केली की काही तासांत प्राणवायू संपतो, प्राणवायूविना जगणारे जीवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवू लागतात आणि पहाटे यंत्रे पुन्हा चालू होताच तो वायू फेसाबरोबर एकदम बाहेर फेकला जातो. सकाळी सहाला सडक्या अंड्यांचा भपका येतो तो बऱ्याचदा असा. उपाय साधा आहे: निम्मी यंत्रे रात्रभर चालू ठेवावीत आणि उरलेली थर फुटल्यावर सुरू करावीत.

गावातल्या लोकांनी हा थर उपकरणाशिवाय ओळखायला शिकावे. चांदण्या स्वच्छ, वारा पडलेला, गवतावर दव, सखल भागात गुडघाभर धुके, आणि लहान धुराडीचा धूर थोडा वर जाऊन छताला अडल्यासारखा आडवा पसरणे, ही ठळक लक्षणे. आणखी एक लक्षण कानाचे आहे. दिवसा न ऐकू येणारा दूरच्या कारखान्यातला पंख्याचा किंवा पट्ट्याचा आवाज रात्री शेजारी असल्यासारखा ऐकू येतो. रात्र शांत असते हे त्याचे अर्धेच कारण. ध्वनी उबदार हवेत जास्त वेगाने जातो. वरची हवा उबदार असली की वर निघालेला आवाज वाकून परत जमिनीकडे येतो. कारखाना कानाशी आला असे वाटेल त्या रात्री त्याचा धूरही वर गेलेला नाही असे समजायला हरकत नाही. अशा दिवशी पहाटे पाच ते नऊ खिडक्या मिटून ठेवाव्यात आणि घराला हवा दुपारी द्यावी. धावण्याचा व्यायामही संध्याकाळी ऊन असतानाच करावा. पहाटेची हवा ताजी असते हे कारखान्याच्या गावात दरवेळी खरे नसते.

रानाकडूनही गावाला काही येते, हेही सांगायला हवे. पिकाची धसकटे सूर्यास्तानंतर पेटवली तर तो धूर त्याच थराखाली रात्रभर कोंडतो. फवारणीचे तर अधिक बिकट आहे. वारा अजिबात नाही म्हणून पहाटेची वेळ सुरक्षित समजून औषध मारले जाते, पण घट्ट हवेत बारीक थेंब खाली बसत नाहीत. ते तरंगत राहतात आणि सावकाश सरकत लांबच्या पिकावर, गोठ्यावर, घरांवर जातात. ताशी तीन ते पंधरा किलोमीटरचा स्थिर वारा आणि तोही वस्तीकडे न जाणारा, ही फवारणीची खरी वेळ. कारखाना असो की शेत, हवा पाहून काम करण्याचा नियम दोघांना एकच आहे.

तक्रार कशी लिहावी यावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे बहुतेक प्रयत्न वाया जातात. 'रात्रभर भयंकर वास होता' या वाक्यावर कोणताही प्रामाणिक अभियंता काही करू शकत नाही. वास सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ तास-मिनिटांत लिहा. कारखान्यात प्रत्येक पंपाची, झडपेची आणि तापमानाची नोंद वेळेनुसार साठवलेली असते. वेळ नेमकी असली तरच ती नोंद उघडून पाहता येते. जागा लिहा. वारा कुठून येतो ते लिहा. दोन-तीन मीटर उंच काठीला बांधलेली रेशमी फीत पुरते, पण मंद वाऱ्यात दिशा भरकटते, म्हणून दहा-पंधरा मिनिटे पाहून मगच ठरवा. आभाळ कसे आहे ते लिहा. तीव्रता शून्य ते पाच अशी द्या आणि सर्वांनी एकच मोजपट्टी वापरा. वासाचा प्रकार नेहमीच्या वस्तूच्या नावाने लिहा: सडके अंडे, जळलेली काडी, कुजका कोबी, मासळी, पाण्यात टाकायची क्लोरीन पूड, डिंक-रंग. प्रत्येकाचा रोख वेगळ्या प्रक्रियेकडे जातो. नाक काही मिनिटांत सरावते, म्हणून घरात जाऊन पाच मिनिटांनी परत बाहेर या आणि मग आकडा द्या. हायड्रोजन सल्फाइडबाबत विशेष सावधानता हवी. त्याचा वास अगदी अल्प प्रमाणातही येतो, पण प्रमाण दशलक्ष भागांत शंभरच्या आसपास गेले की घ्राणेंद्रिय बधिर होते. भपका अचानक थांबला म्हणजे वायू गेला असे कधीही मानू नये.

दोन वेगळ्या ठिकाणच्या माणसांनी एकाच वेळी नोंद केली तर काम फार सोपे होते. नकाशावर दोन्ही ठिकाणांहून वाऱ्याच्या उलट दिशेने रेघा ओढल्या की त्या जिथे छेदतात तिथे शोध सुरू करावा. वास न आलेले दिवसही लिहा, नाहीतर वही म्हणजे फक्त राग साठवण्याची जागा होते. महिनाभराच्या अशा वहीतून वाऱ्याचा आणि घड्याळाचा सांधा आपोआप दिसू लागतो. धुळीसाठी पांढरी चकचकीत फरशी घराच्या गच्चीवर सात दिवस ठेवा, तिच्यावर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवून. त्याच्या शेजारी एक कोरडी फरशीही ठेवा. कोरड्या धुळीवर कागद ठेवून वरून लोहचुंबक फिरवल्यावर कण हलले तर लोखंडाचा अंश आहे. पातळ आम्लाचा थेंब टाकल्यावर फेस आला तर चुनखडी. बोटाने चोळल्यावर काळी रेघ उमटली तर कोळसा किंवा काजळी. एवढ्याने गुन्हा सिद्ध होत नाही, पण प्रयोगशाळेला काय विचारायचे ते कळते.

पिकावरच्या खुणांबाबतही तेच. गंधकाच्या वायूने पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग फिकट किंवा पांढुरका पडतो. फ्लोराइडने पानाची टोके व कडा जळतात. त्या जळक्या पट्ट्याला बऱ्याचदा गडद लाल-तपकिरी काठ असतो. अन्नद्रव्यांच्या कमतरतेतही शिरांमधला भाग पिवळा पडतो, म्हणून घोटाळा होतो. फरक असा की कमतरता आठवड्यांनी वाढते आणि एका पिकापुरती असते, तर वायूची इजा एक-दोन दिवसांत दिसते, पिकावर, तणावर आणि बांधावरच्या झुडपांवर एकाच वेळी दिसते आणि वाऱ्याच्या दिशेने पट्ट्यात पसरते. छायाचित्रे पहिल्या तीन दिवसांत घ्यावीत, पानाच्या दोन्ही बाजूंची, तणाचीसुद्धा. फ्लोराइडचा धोका पिकापाशी थांबत नाही. तो चाऱ्यात साठतो आणि जनावरांचे दात डागाळतात, झिजतात, पुढे ती लंगडू लागतात. अशी शंका असेल तिथे चारा तपासावा. नुसती हवा तपासून भागत नाही.

ओढ्याच्या पाण्याबद्दल थोडक्यात: नमुना कारखान्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडचा घ्या, कारण वरचा नमुना नसेल तर खालच्याला अर्थ नाही. पहिल्या पावसाचे पहिले अर्ध्या तासाचे पाणी आवारातली सगळी धूळ घेऊन येते, तेव्हाचा नमुना वेगळा ठेवा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, तेलाचा नमुना मात्र न विसळता थेट काचेच्या बाटलीत घ्या. बाष्पनशील द्रव्यांसाठी बाटली काठोकाठ भरून हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. आम्लता आणि विरघळलेला प्राणवायू जागीच मोजावा लागतो. बाकीचे नमुने बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवा. विहिरीचा पंप आधी दहा मिनिटे चालवून मगच बाटली भरा.

विषारी वायूच्या गळतीच्या बाबतीत मात्र थर ओळखता येणे जीवनमरणाचे ठरते. १९८४ च्या २-३ डिसेंबरच्या रात्री भोपाळमध्ये सुटलेला मिथाइल आयसोसायनेट हवेच्या जवळपास दुप्पट जड होता, रात्र थंड होती आणि वारा मंद. क्लोरीन अडीच पट जड. अमोनिया एरवी हवेपेक्षा हलका, पण दाबाखालच्या द्रवरूप साठ्यातून सुटला की थंड तुषारांचा ढग बनून जमिनीलगतच सरकतो. भोंगा वाजला तर आधी वारा पाहावा. ढग अजून पोचलेला नसेल आणि वाट मोकळी असेल तर वाऱ्याला आडवे जावे. वाऱ्याबरोबर पळणारा माणूस ढगाच्या वाटेवरच राहतो. ओढ्याच्या किंवा सखल वाटेने जाऊ नये. ढग आलाच असेल तर वरच्या मजल्यावर, कमीत कमी खिडक्यांच्या खोलीत, पंखे व वातानुकूलन बंद करून, दाराच्या फटीत ओले कापड कोंबून थांबावे. आणि धोका टळल्याचा भोंगा होताच दारे-खिडक्या सताड उघडून बाहेर यावे. हा भाग हमखास विसरला जातो. बंद घरात वायू सावकाश शिरतो तसाच सावकाश बाहेर पडतो, आणि ढग गेल्यावर काही काळ घरातली हवा बाहेरच्यापेक्षा वाईट असते. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा कारखान्यात असतो, पण तो आतल्यांना दिसेल असा. तो गावातून दिसावा, आणि रात्री त्याच्यावर दिवा असावा.

थर मोजण्यासाठी मोठा खर्च लागत नाही. वारा दहा मीटर उंचीवर मोजण्याची प्रथा आहेच. पुरेशा उंच खांबावर किंवा चिमणीच्या शिडीवर दोन तापमापक बसवावेत, एक जमिनीपासून दोन मीटरवर आणि दुसरा तीसएक मीटरवर, दोन्ही उन्हापासून आड आणि बारीक पंख्याने हवा खेळती ठेवलेले. चिमणीवर बसवायचा तो तिच्या भिंतीपासून निदान काही मीटर बाहेर आडव्या दांडीवर असावा, नाहीतर चिमणीचीच ऊब मोजली जाईल. वरचा आकडा खालच्यापेक्षा जास्त आला की थर बसला. तो फरक नियंत्रणकक्षाच्या पडद्यावर सतत दिसावा आणि तो शून्याच्या खाली जाईपर्यंत काजळी झाडण्याच्या कामाला कुलूप असावे. दोन्ही तापमापक महिन्यातून एकदा शेजारी शेजारी ठेवून जुळवावेत, कारण इथे अर्ध्या अंशाची चूकही निर्णय फिरवते.

आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती आहे. आपण रोज कमाल-किमान तापमान, सूर्योदय आणि सूर्यास्त छापता. त्याच चौकटीत दोन ओळी वाढवाव्यात: उद्या पहाटे वारा कुठून आणि किती वेगाने अपेक्षित आहे, आणि थर साधारण किती वाजता फुटेल. हवामान खात्याच्या संध्याकाळच्या अंदाजातले वारा आणि ढगांचे आकडे यासाठी पुरतात. त्याखाली कारखान्यांनी कळवलेली दुसऱ्या दिवशीची धुराची कामे, वेळेसह, छापली तर ती वेळ दुपारची आहे की पहाटेची हे सर्वांना दिसेल.

आपले,
बॉयलर, धूळसंकलन व सांडपाणी विभागांत काम करणारे काही वाचक